मी खरवडलेली अक्षरं

माझ्या कामाच्या खोलीत खिडकीखाली एक रिसिव्हर आहे. मार्कोनी कंपनीचा सीआर १००. ब्रिटिश नौदलाच्या कागदांत याच सेटला बी २८ म्हणत. वजन ३७ किलोच्या आसपास, आत ११ वॉल्व्ह, समोर मोठी डायल आणि तिच्यावर सहा पट्टे. बघायला येणारा माणूस आधी विचारतो, "चालतो का?" आणि मग विचारतो, "कुठल्या जहाजावरचा?" चालतो, उत्तम चालतो. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि यापुढे ते कुणाला सापडेल असंही वाटत नाही. ते ज्यावर लिहिलेलं असण्याची शक्यता होती, ते मी माझ्या हातांनी खरवडून काढलं.

मी टेलिफोन खात्यात नोकरी केली. हॅम रेडिओचं लायसन्स तरुणपणीच काढलं होतं. युद्धातल्या नौदलाच्या सेटांचं वेड मात्र चाळिशीनंतर लागलं. घरगुती रेडिओ बनवणारा कारखानदार किंमत बघून हात आखडता घेतो. नौदलाच्या सेटला तो हिशेब नव्हता. जहाज हादरतं, खारी हवा आत शिरते, शेजारी तोफ उडते, आणि तरीही टेलिग्राफिस्टला हजारो मैलांवरचा मोर्स ऐकू आला पाहिजे, एवढ्या एका गरजेपोटी हे सेट जन्माला आले. सीआर १०० मध्ये ऐकण्याचा पट्टा अरुंद करत करत १०० हर्ट्झपर्यंत आणता येतो. माणसाचं बोलणं त्यातून कळणारच नाही. पण दहा स्टेशनं एकमेकांवर चढून बसलेली असताना त्यातला एकच बारीक मोर्स तेवढा उचलून घेता येतो. पहिल्यांदा तो स्विच फिरवून बाकीचा गोंगाट गळून पडलेला ऐकला, तेव्हा ज्याने हे आखलं त्या अभियंत्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. अजून वाटतो.

मुंबईत असे सेट मिळणं नवलाचं नव्हतं. आपल्या नौदलाच्या सुरुवातीच्या मोठ्या युद्धनौका ब्रिटिशांकडून आलेल्या. 'आयएनएस दिल्ली' म्हणजे मूळची 'अकिलीस', जिने डिसेंबर १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत भाग घेतला. 'म्हैसूर' म्हणजे मूळची 'नायजेरिया'. 'दिल्ली' १९७८ मध्ये सेवेतून गेली आणि मुंबईतच तोडली गेली. जहाज तोडलं की पितळ एकीकडे, केबल एकीकडे, आणि वायरलेस रूममधलं सामान दारूखान्यातून निघून फिरत फिरत चोर बाजारात मटण स्ट्रीटला यायचं. काही सेट किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून, काही लष्कराच्या डिस्पोजलमधून यायचे. सीआर १०० नुसता नौदलाचा नव्हता, इतर दलांनीही तो वापरला. त्यामुळे सेट बघून तो समुद्रावर होता की जमिनीवर हेही सांगता येत नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असंही वाटलं नाही.

कारण दुकानदाराने एक वाक्य उच्चारलं होतं. "साब, ये तलवार का माल है."

ज्यांच्या घरात १९४६ च्या फेब्रुवारीच्या गोष्टी सांगितल्या गेल्या असतील, त्यांना हे वाक्य ऐकून माझं काय झालं असेल ते कळेल. 'एचएमआयएस तलवार' ही कुलाब्याची नौदलाची सिग्नल शाळा. टेलिग्राफिस्ट आणि सिग्नलमन तिथे तयार होत. १८ फेब्रुवारीला तिथल्या नाविकांनी जेवण नाकारलं आणि उठाव सुरू झाला. त्याआधी बलाईचंद दत्त या टेलिग्राफिस्टला भिंतींवर घोषणा लिहिल्याबद्दल पकडलं होतं. बघता बघता ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० नाविक त्यात उतरले. उठाव एवढ्या वेगाने पसरला याचं एक कारण साधं होतं. सुरुवात करणारी मुलं संदेशवहनाच्या कामातली होती आणि वायरलेस त्यांच्या हातात होता. परळ-लालबागेत गोळीबार झाला. माझी आई तेव्हा परळच्या चाळीत राहत होती. ती सांगायची, दार लावून दोन दिवस सगळे जमिनीवर बसून होते.

त्या शाळेतला सेट माझ्या घरी येणार होता. मी भाव केला नाही. टॅक्सीच्या डिकीत तो मावेना म्हणून मागच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवून घरी आणला.

आता खरवडण्याबद्दल. पेटीवर राखाडी रंगाचा जाड थर होता, कुणीतरी ब्रशने मारलेला, ओघळ सुटलेले. तो मला खुपत होता. मार्कोनीच्या छापील चित्रात सेट कसा नीटस दिसतो, तसा मला हवा होता. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली, पेंट रिमूव्हर लावला आणि पत्र्याच्या पट्टीने रंग काढायला घेतला. डाव्या बाजूला वरचा थर साल निघावी तसा निघाला. खाली दुसरा राखाडी, जरा निळसर. आणि त्यावर पांढरी अक्षरं. स्टेन्सिल लावून फवारलेली, अर्ध्या बोटाएवढी उंच. वरच्या ओळीत अक्षरं, खालच्या ओळीत आकडे. शेवटचा आकडा ७ होता.

मी ती पाहिली. हे मला स्पष्ट सांगायचं आहे, कारण पुढे बरीच वर्षं मी लोकांना "रंगाखाली काहीतरी होतं वाटतं" असं मोघम सांगत आलो. वाटतं नव्हे, होतं. मी हातातली पट्टी खाली ठेवली, अंगठ्याने अक्षरांवरून पुसलं, ती वाचली. मनात आलं की हा कुठल्यातरी गोदामाचा नंबर असणार. शेजारच्या खोलीत कागद होता, पेन होतं, कपाटात कॅमेरा होता आणि त्यात रोल शिल्लक होता. पण रिमूव्हर वाळत चालला होता आणि उरलेली बाजू ऊन उतरायच्या आत संपवायची होती. मी पट्टी पुन्हा उचलली. वरची ओळ आज कितीही आठवली तरी आठवत नाही.

पुढचं तेवढंच वाईट. पुढच्या पॅनलच्या आतल्या बाजूला एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती, तपकिरी पडलेली, शाईत सही आणि आकडे. रॉकेलच्या फडक्याने आतली धूळ काढताना ती लगदा होऊन फडक्याला आली. चॅसीच्या खालचे मेणाच्या कागदाचे कंडेन्सर मी एकूण एक बदलले. ते बदलणं आवश्यकच होतं. मुंबईच्या दमट हवेत असे कंडेन्सर गळू लागतात, आणि शेवटच्या वॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा एक गळका निघाला तरी त्या वॉल्व्हची वाट लागते. पण काढलेले कंडेन्सर मी कचऱ्यात टाकले. त्यांच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि महिना-वर्ष छापलेलं असतं. एका सेटमधले सगळे मूळ कंडेन्सर ओळीने मांडले आणि त्यातली सगळ्यांत अलीकडची तारीख पाहिली, तर सेट त्याच्या आधी बनलेला नाही हे खात्रीने सांगता येतं. वॉल्व्ह सतत बदलले जातात, त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कंडेन्सर मात्र पन्नास वर्षं जागेवर बसलेले असतात. माझ्या सेटची जन्मतारीख अशी पालिकेच्या गाडीतून गेली.

सेट चालू झाला. त्या रात्री मी फार आनंदात होतो आणि त्याच आनंदात एका दिवाळी अंकासाठी लेख लिहायला बसलो.

लेखात मी लिहिलं की हा 'तलवार'वरचा सेट आहे. 'असं म्हणतात' नाही, 'दुकानदार म्हणाला' नाही. 'आहे.' शिवाय त्या फेब्रुवारीत नाविकांनी याच्याच हेडफोनवर काय काय ऐकलं असेल, याचं एक पानभर वर्णन केलं. दुसरी एक गोष्ट लिहिली, ती वेगळ्या अर्थाने लाज आणणारी आहे. सीआर १०० हा ६० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, पण सलग नाही. दुसरा पट्टा ४२० किलोहर्ट्झला संपतो आणि तिसरा ५०० ला सुरू होतो. मधला भाग डायलवर नाहीच. मी लिहिलं की नौदलाने ही फट मुद्दाम ठेवली, म्हणजे सेट शत्रूच्या हाती पडला तरी त्या लहरींवरचे गुप्त संदेश त्याला ऐकू येऊ नयेत.

अंक बाहेर आला. ओळखीच्यांनी कौतुक केलं. मग पुण्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. मायना, नमस्कार, आणि दोन प्रश्न. पहिला, सेट 'तलवार'वरचा हे कशावरून? दुसरा, या सेटची आयएफ किती आहे, ती एकदा पाहावी.

दुसरा प्रश्न वाचल्याबरोबर माझे कान गरम झाले. सुपरहेट रिसिव्हर बाहेरून येणारा प्रत्येक सिग्नल आधी एका ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर उतरवतो आणि मग तिथे वाढवतो. सीआर १०० मध्ये ती ४६५ किलोहर्ट्झ आहे. त्याच ठिकाणी बाहेरचं स्टेशन ऐकायला गेलात, तर वाढवलेला सिग्नल उलटा फिरून पुन्हा सुरुवातीच्या भागात शिरतो आणि सेट स्वतःच शिट्टी मारायला लागतो. म्हणून आखणाऱ्यांनी ४६५ च्या दोन्ही बाजूंना जागा सोडली आणि ५०० पासून पुढचा पट्टा धरला. जहाजांची संकटकाळची हाक ५०० वरच असायची, ती सोडून चालणार नव्हतं. गुप्ततेचा यात काही संबंध नाही. लेख लिहिण्याच्या थोडंच आधी मी सिग्नल जनरेटर लावून हाच सेट ४६५ वर अलाइन केला होता. आकडा माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होता. गोष्ट रंगत होती, तेव्हा वही उघडावीशी वाटली नाही.

पहिल्या प्रश्नाला उत्तर शोधायला मी निघालो. इंग्लंडमधल्या एका संग्राहकाचा पत्ता मिळाला, त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते छोटं होतं. पाटीवर अॅडमिरल्टी पॅटर्न नंबर काय आहे? बाणाची खूण कुठे कुठे आहे? चॅसीवर तपासणीचे शिक्के कोणते? पेटीवर स्टेन्सिल आहे का, मूळ रंगावर की नंतरच्या? कंडेन्सरांवरची सगळ्यांत अलीकडची तारीख? पुरवठ्याची केबल कुठून आत घेतली आहे? पॅनलच्या मागे तपासणीची चिठ्ठी शिल्लक आहे का? ही माहिती पाठवा, मग काहीतरी सांगता येईल.

मी ते पत्र हातात घेऊन सेटसमोर बसलो. त्यांनी विचारलेल्या जवळपास प्रत्येक ओळीपुढे मला 'नाही' लिहावं लागणार होतं, आणि प्रत्येक 'नाही' माझं होतं. पाटीसुद्धा मी काढून ब्रासोने इतकी चोळली होती की तिच्यावर ठोकलेले बारीक आकडे वाचता येत नव्हते. पत्राला उत्तर द्यायला मी फार उशीर केला. खरं लिहायची हिंमत जमवत होतो.

त्यानंतरच्या वर्षांत मी नीट शिकलो. ब्रिटिश दलांमध्ये एकाच वॉल्व्हला हवाई दलाचं नाव वेगळं, लष्कराचं वेगळं, नौदलाचं वेगळं असायचं आणि युद्धकाळात सगळ्यांची मिळून सीव्ही क्रमांकांची एक यादी झाली. बाजारातला ईएफ ३९ हवाई दलात व्हीआर ५३, लष्करात एआरपी ३४ आणि सामाईक यादीत सीव्ही १०५३. खोक्यावर कुठलं नाव आहे त्यावरून माल कुठल्या गोदामातून आला याचा माग लागतो. रेझिस्टन्सवरचे रंग आजच्यासारखे पट्ट्यांनी वाचायचे नसतात, तर आधी अंगाचा रंग, मग टोकाचा, मग ठिपक्याचा. पिवळं अंग, जांभळं टोक, नारिंगी ठिपका म्हणजे ४७ हजार ओहम. अमेरिकन नौदलाची पद्धत निराळी. रिसिव्हरच्या नावाचं पहिलं अक्षर आर, पुढची दोन ओळीने येणारी. आरएके, आरएएल, आरबीए, आरबीबी, आरबीसी. हे सगळं मी कार्डांवर उतरवलं. कार्डं आजही उपयोगी पडतात. माझ्या सेटला मात्र त्यातलं काहीच लावता येत नाही, कारण लावायला त्याच्या अंगावर काही उरलेलं नाही.

एक मार्ग अजून होता, माणसांचा. युद्धाच्या आधी आपल्या नौदलातले खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले असत. युद्धात भरती वाढली आणि देशभरची मुलं आली, पण कोकणात अजून कुणी सापडेल अशी आशा होती. देवगड तालुक्यातल्या एका गावात 'तलवार'मध्ये शिकलेले टेलिग्राफिस्ट राहतात असं कळलं. शिक्षणानंतर त्यांनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांतही काम केलं होतं. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. काका पंचाहत्तरीच्या घरातले, कान थोडे कमी झालेले, पण बोटं टेबलावर मोर्स वाजवायची ते अजून सफाईने. त्यांच्या सुनेने सोलकढी आणून दिली आणि आम्ही ओटीवर बसलो.

त्या दिवशी मी जे केलं, त्याचं मोल मला कित्येक वर्षांनी ती टेप पुन्हा लावली तेव्हा कळलं. टेपवर काका रात्रीच्या वॉचबद्दल सांगत आहेत. चहा कधी यायचा, कुणाला झोप यायची. मग म्हणतात, "आणि पहाटे बँड बदलायचा म्हणजे खालचा खण ओढून काढायचा, दुसरा घालायचा. हळू घालायचा, नायतर नीट बसत नाय. डायलवर नुसता आकडा. कुठली फ्रिक्वेन्सी ते तक्त्यावर बघायचं."

आणि तिथे माझा आवाज येतो. स्पष्ट, घाईचा. "नाही काका, बँड बदलायला नॉब असतो. हा फोटो बघा. हाच होता ना? सीआर १००?"

टेपवर थोडा वेळ काही नाही, फोटोचा कागद हातात घेतल्याची खसखस. मग काका म्हणतात, "हो. हाच असेल."

मी समाधानाने पुढचा प्रश्न विचारला.

खण ओढून काढायचा, दुसरा घालायचा, डायलवर फ्रिक्वेन्सी नाही तर आकडा, आणि ती तक्त्यावर बघायची. हा सीआर १०० नव्हेच. हे वर्णन अमेरिकेच्या नॅशनल कंपनीच्या एचआरओ सेटला नेमकं लागू पडतं. १९३० च्या दशकाच्या मध्यावर निघालेला हा सेट. त्याच्या खालच्या भागात कॉइलचा सबंध संच खणासारखा बसतो आणि बँड बदलायचा तर तो काढून दुसरा घालावा लागतो. त्याची डायल ० ते ५०० एवढे आकडे दाखवते आणि फ्रिक्वेन्सी कॉइलच्या खणावर लावलेल्या आलेखावरून काढायची असते. ब्रिटनमध्ये शत्रूचे संदेश टिपणाऱ्या ठाण्यांवर या सेटांच्या रांगा होत्या. जर्मनांना तो इतका पसंत पडला की कॉर्टिंग कंपनीने त्याची नक्कलच केली. रॉयल इंडियन नेव्हीतला एक मराठी टेलिग्राफिस्ट एचआरओवर रात्रीच्या पहाऱ्याला बसत होता, ही गोष्ट मला कुठल्या कागदात मिळालेली नाही. ती देवगडच्या ओटीवर एक माणूस आपणहून सांगत होता. कुठल्या ठाण्यावर, कुणाचे संदेश ऐकायला, हे पुढच्याच वाक्यात आलं असतं. मी त्यांना माझ्या सेटचा फोटो दाखवला.

टेप नीट ऐकल्यावर पुन्हा देवगडला गेलो. काका नव्वदीला टेकले होते. बोलायला उत्सुक होते. मला बघताच म्हणाले, "सीआर शंभर! काय सेट होता. बँडचा नॉब असा कट्‌कन फिरायचा." मी खणाबद्दल विचारलं. अगदी हळू, फोटो न दाखवता, कुठलंही नाव न घेता. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. "खण? नाय बा. तुम्ही दाखवलात तोच होता." ते मनापासून बोलत होते. मधल्या वर्षांत नातवंडांना, गावातल्या शाळेत, सत्काराला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी सीआर १०० ची गोष्ट सांगितली होती. मी दिलेलं नाव आणि मी दाखवलेला फोटो त्यांच्या आठवणीत जाऊन बसला होता आणि तिथे आधी जे होतं ते निघून गेलं होतं. पत्र्यावरचा रंग मी खरवडला ते समजून घेता येतं. इथे माझा हात कुठवर पोचला होता, याची मला भीती वाटली.

दिवाळी अंकाच्या संपादकांना मी दुरुस्तीचं पत्र दिलं होतं, ते त्यांनी पुढच्या वर्षी छापलं. 'तलवार'चा उल्लेख मागे घेतला, फटीचं कारण बरोबर लिहिलं, पोस्टकार्ड पाठवणाऱ्या वाचकाचे आभार मानले. लेख मात्र त्या दुरुस्तीशिवाय फिरत राहिला. एका शाळेच्या प्रदर्शनात त्यातलं पानभर वर्णन मोठ्या अक्षरात लावलेलं मी पाहिलं. खाली माझं नाव होतं. शिक्षकांना भेटून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पण मुलांना फार आवडतं हो ते." मी ते काढायला लावलं. त्यांना राग आला असावा.

काही वर्षांपूर्वी वास्कोहून एक तरुण एक सेट घेऊन आला. घरात सांगायचे की हा 'एरेनफेल्स'वरचा. 'एरेनफेल्स' हे जर्मन मालवाहू जहाज. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तटस्थ पोर्तुगीज गोव्यात मुरगावला आसऱ्याला आलं. त्यावरचा गुप्त ट्रान्समीटर जर्मन पाणबुड्यांना खबरा देतो असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्सचे मध्यमवयीन हौशी स्वार 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून येऊन त्यावर चढले आणि जर्मन खलाशांनी जहाज पेटवून बुडवलं. पुढे यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. असा सेट दारात आल्यावर कुणाचंही काळीज हलेल. माझंही हललं.

मी त्याला सांगितलं, धूळसुद्धा झटकायची नाही. आधी फोटो काढले, सहाही बाजूंनी, मग झाकण उघडून. पॅनलवरची अक्षरं इंग्रजी होती. जर्मन व्यापारी जहाजांवर वायरलेसचं काम डेबेग ही कंपनी बघायची, तिच्या सेटवर जर्मन अक्षरं असणार. आतली पाटी आरसीए कंपनीची होती आणि सेट एआर ८८. १४ वॉल्व्हचा हा भारी सेट युद्धात लेंड-लीजखाली अमेरिकेतून ब्रिटिशांकडे मोठ्या संख्येने गेला. तो बनू लागला तेव्हा 'एरेनफेल्स' आधीच मुरगावला अडकून पडलं होतं. तरुणाचा चेहरा उतरला. मी काही बोललो नाही. आम्ही चॅसीवरचे शिक्के भिंगातून वाचून एक एक उतरवू लागलो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे एका दुरुस्ती डेपोची चिठ्ठी निघाली, जागेवरच, तारखेसकट. मग तो माझ्यापेक्षा जास्त वेळ भिंग घेऊन बसला.

काकांच्या टेपची मी अक्षरन् अक्षर नक्कल केली आहे. त्यातून माझी वाक्यं काढलेली नाहीत. उद्या कुणी अभ्यास करायला बसला तर त्याला दिसावं की अमुक ठिकाणी विचारणाऱ्याने तोंडात शब्द घातला आणि त्यापुढचं उत्तर धरता येणार नाही. खणाबद्दलची ती चार वाक्यं त्याच्या आधीची आहेत. ती धरता येतात.

'तलवार'मध्ये शिकलेली पिढी आता राहिलेली नाही म्हटलं तरी चालेल. पण त्यांच्या वह्या असतील. शिकाऊ टेलिग्राफिस्टना सेटची आकृती वहीत हाताने काढायला लावत, नॉबना नावं द्यायला लावत. कोकणातल्या, मुंबईतल्या, घाटावरच्या एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत अशी वही असेल, तर ती ऊन दाखवायला बाहेर काढू नका. शाई उडते. पानं सुटी करू नका, टेप लावू नका. आहे त्या क्रमाने फोटो काढा, कव्हरच्या आतल्या बाजूचाही. एखाद्या पानावर खालच्या बाजूला खण असलेला, डायलवर ० ते ५०० आकडे असलेला सेट काढलेला दिसला, तर मला कळवा. मी अजून शोधतो आहे.